लाकडी पुलावर अनवाणी

मुलगा जर्मनीत गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. सुनेच्या दुसऱ्या बाळंतपणाला मी तीन महिन्यांसाठी गेले. मोठी नात साडेचार वर्षांची. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. माझ्याशी तर तेही नाही. मी जवळ गेले की ती आईच्या मागे लपायची. जन्मापासून तिने मला व्हिडिओ कॉलवरच पाहिलेलं. फोनमधली बाई घरात राहायला आली, असं तिला वाटत असणार. मलाही आपणहून बोलायला जमत नाही. परत जाण्याआधी तिने एकदा तरी आजी म्हणावं, एवढंच मनात होतं. घरात मात्र मी ते कुणाला सांगितलं नाही.

दुपारी तिला किंडरगार्टनमधून आणायचं काम माझ्याकडे आलं. ती पुढे, मी चार पावलं मागे. वाटेत नदीवर फार जुना लाकडी पूल होता. वर कौलारू छप्पर, दोन्ही बाजूंना फळ्यांच्या भिंती. गाड्यांना तिथून बंदी. आत शिरलं की उजेड मागे राहायचा. फटींतून उन्हाचे पट्टे पडायचे आणि खालच्या पाण्याची चकाकी वरच्या तुळयांवर हलत राहायची. लाकडाला धान्याच्या कोठीसारखा वास होता. पाणी इतक्या सारख्या आवाजात वाहायचं की थोड्या वेळाने ते ऐकूच येत नसे. तिथे मला डोळा लागत असल्यासारखं वाटायचं, आणि पाय मात्र चालत असायचे.

पहिल्या दिवशी मी पुलाच्या तोंडाशी चपला काढून हातात घेतल्या. ठरवून नाही. वर छप्पर, खाली झाडलेली लाकडी जमीन, हात आपोआप खाली गेला. मधोमध आल्यावर लक्षात आलं, अगं, हा तर रस्ता आहे. नात वळून माझ्या पायांकडे बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी चपला काढायच्या नाहीत असं ठरवूनच निघाले. पण पूल आला तशी ती खाली बसली आणि बुटांचे पट्टे सोडू लागली. मग मीही काढल्या. ऊन पडलेल्या फळ्या कोमट, मधल्या गार. ती कोमट फळ्यांवरच पाय टाकायची. मागून मीही तसंच करायची. बोलणं काही नाही. असे बरेच दिवस गेले.

एकदा समोरून एक म्हाताऱ्या बाई सायकल ढकलत आल्या. आमच्या पायांकडे बघून त्यांनी मला काहीतरी विचारलं. मी मान खाली घातली. नातीने माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना जर्मनमध्ये दोन वाक्यं ठणकावून सांगितली. बाई हसल्या, पुढे गेल्या.

मी हळूच विचारलं, "काय म्हणाल्या गं त्या?"

ती थांबली. मराठी शब्द जुळवायला तिला वेळ लागला.

"बूट का नाही, विचारलं. मी सांगितलं, मी आणि आजी असंच जातो."

तिचे बूट मी माझ्या हातात घेतले. राहिलेला पूल आम्ही चालून गेलो. ती अजूनही पुढेच होती, पण हळू चालत होती.