उलट्या फेरीतला माणूस

नागपूरहून परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून लॉजजवळच्या बागेत फिरायला गेलो. तिथे सगळे एकाच दिशेने फेऱ्या मारतात हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी उलटा निघालो आणि तेच तेच चेहरे समोरून येऊ लागले. तिसऱ्या फेरीला माकडटोपी आणि जाड भिंगांचा चष्मा घातलेले एक आजोबा थांबलेच.

"काल दिसले नाही तुम्ही? बीपी वाढलं होतं का पुन्हा?"

मी गोंधळलो. ते म्हणाले, "उलटे फिरणारे तुम्ही एकटेच. बाकीच्यांच्या नुसत्या पाठी दिसतात हो."

मी परगावचा, एवढंच सांगायचं होतं. पण त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की तोंडून निघून गेलं, "आता बरं आहे."

"चला, जीव भांड्यात पडला," म्हणत ते पुढे गेले.

गाडीत बसल्यावरही उमगेना, मी त्यांना दिलासा दिला की फसवलं? तो खरा माणूस कुठे असेल? बरा असेल ना? आणि उद्या समोरून कुणीच आलं नाही, तर आजोबा काळजी कुणाची करतील, त्याची की माझी?