गाडीपर्यंत

आमच्याकडं पाहुण्यांना गाडीपर्यंत पोचवायची रीत आहे. उंबऱ्यावरूनच निरोप देणं बरं दिसत नाही. चपला घालून रस्त्यापर्यंत जायचं आणि गाडी सुरू झाली तरी खिडकीशी दोन शब्द बोलायचे. या रीतीनं माझी तीन स्थळं खाल्ली.

सोळाव्या वर्षी मला रक्ताचा कॅन्सर झाला. पुण्याला उपचार झाले, केस गेले. गावी परतले तेव्हा आईनं तिरुपतीला केस दिल्याचं सांगितलं आणि गावानं हात जोडले. खरं काय ते आमच्या घराला आणि शेजारच्या चुलतीलाच माहीत होतं. पुढं मी बरी झाले, शिकले, सुप्याच्या एका कारखान्यात नोकरीला लागले. तपासणीला जायचं असलं की साहेबाला मावशी आजारी असल्याचं सांगायचे. त्या मावशीला मी इतक्यांदा आजारी पाडलं की तिची मला दया यायची.

स्थळं यायची, पोहे आवडायचे, मुलगीही आवडायची. दोन दिवसांनी फोन यायचा, "मुलाचा विचार बदलला." आई माझ्या पत्रिकेला दोष द्यायची.

तिसरे पाहुणे निघाले तेव्हा मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले होते. खाली चुलती गाडीच्या खिडकीत वाकली होती.

"पोरगी लई गुनाची हाय. फकस्त तिला ते झाल्तं. तुमाला ठावं असावं म्हनून सांगते. माजं नाव नका घेऊ."

'ते' म्हणताना तिनं पदर तोंडाशी नेला. शब्द उच्चारला तर तिलाच लागेल अशी भीती. माझं लग्न मोडताना मात्र कसली भीती नव्हती.

मी खाली जाऊन भांडले नाही. भांडले असते तर ती रडली असती, आणि रडणाऱ्या बाईची बाजू सगळेच घेतात. मी चौथ्या स्थळाची वाट बघितली. खोटं कशाला बोलू, ते चार महिने माझे मजेत गेले.

चौथे रविवारी आले. मी ट्रेमध्ये पोह्यांच्या बशा मांडल्या आणि मधोमध दवाखान्याची फाईल ठेवली. आईनं ती बघितली तेव्हा मी बैठकीत पोचले होते.

"काकींचे गुडघे दुखतात," मी म्हणाले. "गाडीपर्यंत यायचा त्रास नको म्हणून इथंच सांगते. मला कॅन्सर झाला होता. आता मी बरी आहे. काकी, काही राहिलं असेल तर सांगा."

चुलतीच्या तोंडचं पाणी पळालं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मुलाच्या मामानं बशी खाली ठेवली. "घरान्यात हाय का वो हे?"

पाण्याचे ग्लास घेऊन चुलतीची मुलगी दारात उभी होती. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिचं लग्न याच मामाच्या गावात ठरत आलं होतं. चुलती माझ्याकडं बघायला लागली. "सांग की गं बाई, न्हाई म्हनून."

माझा आजार घराण्यातून आलेला नाही, हे डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं होतं. मामांना सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"काकींना विचारा," मी म्हणाले. "आमच्या घरातलं त्यांना जास्त माहीत असतं."

माझं स्थळ गेलं. आठवड्यात चुलत बहिणीचंही मोडलं. चुलती आमच्या दारात येऊन रडली, मी आतून ऐकत बसले. पोट भरून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी बहिणीनं मला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. मोडलेल्या लग्नाचं ती काही बोलली नाही. गळ्यावरून बोटं फिरवत, दाबून बघत होती.

"ताई, मलाबी व्हईल का गं?"

निदान तिला तरी सांगायला हवं होतं. मी बादली उचलली.

"तुझ्या आईला विचार," मी म्हणाले.