फुटाण्याच्या पुडीवरची सही

स्वतःचीच सही न जुळलेल्या माणसाची कथा बँकेच्या जवळपास प्रत्येक शाखेत सांगितली जाते. मी ऐकलेली तिची रूपे ढोबळमानाने तीन. पहिल्यात सही म्हातारपणामुळे बदलते, दुसऱ्यात हात मोडल्यामुळे, आणि तिसऱ्यात (हे मला नरसी-सेनगावच्या बाजूलाच अधिक आढळले) सही सुधारल्यामुळे! सांगणारा दर वेळी ‘आमच्याच शाखेत घडलं’ अशी शपथ घेतो, आणि लोककथेचा अभ्यासक त्या शपथेला कथनाची एक रूढी समजून पुढे जातो. माझी अडचण अशी की चौथे रूप माझ्या डोळ्यांदेखत घडले.

हिंगोली तेव्हा अजून परभणी जिल्ह्यात होती. मी तिथे महाविद्यालयात शिकवत असे आणि शनिवारी जात्यावरच्या ओव्या टिपायला खेड्यांतून फिरत असे. परतीच्या एसटीची वाट पाहायला सावलीची जागा एकच, नरसीच्या रस्त्यालगतच्या एका बँक शाखेचा व्हरांडा. तिथे लिहिता येणारा माणूस बसलेला दिसला की लोक स्लिप पुढे करत, “मास्तर, एवढं भरून द्या.” ओव्यांहून किस्सेच अधिक जमले. एकाला हात घातला की दुसरा त्याची शेपटी धरून बाहेर येतो.

*

तिसऱ्या रूपाचा नायक तांड्यावरचा रामजी. साक्षरता वर्गात आठवडाभर बसून तो कशीबशी सही शिकला आणि त्याच उत्साहात त्याने बँकेत सह्या ताडून पाहायच्या नमुन्याच्या कार्डावर ती केली. वर्ग पुढे वर्षभर चालला. अक्षर वळणदार झाले आणि रामजीची स्लिप परत आली!

इथले कॅशियर पाशाभाई हे जुन्या हैदराबादी वळणाचे, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांनी खिडकीतून समजावले, “रामजी, तेरी सही सुधर गई, कार्ड वहींच है. उसको कौन पढ़ाए?”

रामजीने स्लिप उचलली. तो तडक वर्गाच्या गुरुजींकडे गेला. “गुरुजी, मला पयल्यावानी वंगाळ शिकवा!”

*

या शाखेत भीती खिडकीच्या दोन्ही बाजूंना होती, हे नोंदवले पाहिजे. मॅनेजर वानखेडे इन्स्पेक्शनच्या दिवशी सकाळपासून रजिस्टरे पुन्हा पुन्हा चाळत. अशाच एका दिवशी वरून आलेल्या साहेबांनी रजिस्टरवर बोट ठेवून विचारले, “ही सही कोणाची?”

वानखेडे बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, “माझीच, सर. म्हणजे… असावी.”

*

याच वानखेड्यांना लोकांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगण्याची मनापासून हौस होती. मुदत ठेव, विमा, आणि सर्वांत लाडका विषय नॉमिनी. एका पंच्याहत्तरीच्या मेंढपाळ आजोबांना ते समजावत होते की, आपल्या पश्चात पैसे कोणाला मिळावेत त्याचे नाव आत्ताच लिहून ठेवावे.

आजोबांनी घोंगडी सावरली. “सायेब, मी खातं उघडाया आलो, अन् तुमी तिरडी बांधून राहिले!”

बाकावरचे सगळे हसले. एक बाई मात्र हसली नाही. ती धुरपदाबाई. नरसीच्या देवळाला येणाऱ्या भाविकांना रस्त्यावर फुटाणे विकणारी विधवा. तिने मॅनेजरला विचारले, “लेकीचं नाव लावता येतं का? अन् ते दिराला सांगा लागतं का?”

*

दिराला सांगावे लागत नव्हते, पण त्याच्यापासून लपतही काही नव्हते. धुरपदाबाईचे खाते अंगठ्याचे होते. अंगठ्याला ओळखीचा साक्षीदार लागे, आणि साक्षीदार म्हणून दर वेळी दीर ग्यानबाच येई. त्यामुळे बाईच्या पासबुकातला आकडा बाईआधी त्याला पाठ असे. तिला त्या पैशांतून दुकानावर पत्रे टाकायचे होते. त्याला त्यातून मेंढ्या घ्यायच्या होत्या.

“वहिनी, भाकड पैसा ठिवून काय करती?” तो भर बँकेत म्हणे. “मेंढी तरी वितीया!”

एके शनिवारी ती माझ्यापुढे बसली. “मास्तर, सही आली म्हंजी साक्षीदार लागत न्हाई ना?”

“नाही लागत.”

“मंग शिकवा.”

मी नमुना लिहून दिला. तिने सराव कोठे करावा? समोर रद्दी होती, पुड्या बांधायची! पुढच्या शनिवारी मी फुटाणे घेतले, तर पुडीवर सात वेळा ‘धुरपदा’. पाशाभाईंनी आपली पुडी उलगडली, त्यांच्याही कागदावर तेच. वानखेड्यांनी डोक्याला हात लावला. “बाई, सही ही किल्लीसारखी जपायची असते!”

पाशाभाई फुटाणे चघळत म्हणाले, “साहेब, अब तो पूरा रोड इनकी सही घर लेके जा रहा!”

*

नमुन्याचे कार्ड भरायचा दिवस उजाडला तेव्हा तिची सही मोत्यासारखी झाली होती. तिने पेन धरले, आणि नेमका ग्यानबा दारात आला. बाकावर बसून टक लावून पाहू लागला.

धुरपदाबाईचा हात थरथरू लागला. कार्डावर जे उमटले त्यात ‘धु’ घसरला होता, ‘र’ला दोन कंप आले होते आणि वरची रेघ उतारावरच्या पायवाटेसारखी खाली गेली होती. वानखेडे म्हणाले, “असू द्या. झाली ती झाली.” कार्ड पत्र्याच्या पेटीत गेले.

*

पुढे पावसाळ्याच्या तोंडाशी ग्यानबा एकटाच आला. सोबत पासबुक, भरलेली स्लिप आणि एक चिठ्ठी, ‘मला ताप आहे, पैसे दिराजवळ द्यावे.’ दोन्हींवर सही, वळणदार आणि ठसठशीत. मी व्हरांड्यातून पाहत होतो. पत्र्यांची सगळी रक्कम त्या स्लिपवर होती.

पाशाभाईंनी कार्ड काढले. स्लिप पाहिली, कार्ड पाहिले, पुन्हा स्लिप पाहिली.

“सही जुळत नाही.”

“काहून? बराबर तर हाय!”

“बहुतच बराबर है, भाई. उसीकी तकलीफ है.”

वानखेड्यांनी शिपाई मारोतीला सायकलवरून दुकानाकडे पिटाळले. पासबुक आत अडकल्यामुळे ग्यानबाला जाता येईना. तो बाकावर बसून राहिला.

धुरपदाबाई पदराने फुटाण्याची धूळ झटकत आली. तिने चिठ्ठी पाहिली, मग दिराकडे पाहिले. “मला ताप न्हाई, सायेब. आलेच हाय तर पत्र्याचे पैसे मीच काढते.”

वानखेड्यांनी कोरे कार्ड पुढे केले. “बाई, आधी नवं कार्ड करू. तुमची सही आता किती चांगली येते!”

“नगं, सायेब. चांगली सही साऱ्या रस्त्याला येती. हायी तीच ऱ्हाऊ द्या.”

“अहो, पण तशी वाकडी जमेल का आता?”

तिने मला खुणेने आत बोलावले. नवी स्लिप मी भरून दिली. ती उभ्यानेच खिडकीच्या फळीवर वाकली, पेन टेकवले आणि मान वळवून बाकाकडे पाहिले. ग्यानबा तिच्याकडेच पाहत होता.

तिने सही केली.

पाशाभाईंनी स्लिप कार्डाशेजारी ठेवली, चष्मा वर केला, आणि पैसे घ्यायचे पितळी टोकन खिडकीतून तिच्यापुढे सरकवले.