बोटीवर न्यायचं पुस्तक

मालवणात माझं सायबर कॅफे होतं तेव्हाची, २०१० च्या सुमाराची ही गोष्ट. मालवाहू बोटीवर इलेक्ट्रिशियन असलेले तोंडवलीचे एक गृहस्थ रजेवर आले होते. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. रोज सकाळी यायचे, रुमालाने कीबोर्ड पुसायचे आणि मगच बसायचे.

लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली शिकवणारी, कुणीही वापरावी अशी मोकळी माहिती इंटरनेटवर होती. ई-रीडरवर, म्हणजे पुस्तकं वाचायच्या हातातल्या यंत्रावर, वाचता येईल असं तिचं पुस्तक ते तयार करत होते.

"बोटीर इंटरनेट नाय. काय अडला तर विचारूचा कोणाक?"

पण कॉम्प्युटरला द्यायच्या लांबलचक आज्ञा त्या छोट्या पडद्याच्या कडेला कापल्या जायच्या. वीज गेली की आम्ही सगळे हातावर हात ठेवून बसायचो. हे मात्र ई-रीडर घेऊन पायरीवर, भर उन्हात, कापलेल्या ओळी शोधत बसायचे.

रजेच्या शेवटच्या दिवशी ते एकदम ओरडले, "इली रे, अख्खी ओळ इली!"

मग ते पुस्तक सगळ्यांसाठी इंटरनेटवर चढवायला बसले. अपलोड काही सरकेना. एसटीची वेळ झाली तरी हे उठेनात.

"अहो, निघा आता. कोण वाचणार आहे ते?" मी म्हणालो.

"माझ्यासारखो कोणतरी दुसऱ्या बोटीर आसतलोच मां!"

कधीच न भेटणाऱ्या माणसासाठी एसटी चुकवायला तयार झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. अखेर अपलोड झालं. त्यांनी ई-रीडर टॉवेलात गुंडाळला, पिशवीत सुकटीच्या पुडीपासून जरा लांब ठेवला आणि स्टँडकडे धावत सुटले.