चावी बंद होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. आईला नाही, कामगार संघटनेतल्या सोबत्यांना नाही, आणि देशमुखकाकांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे. का, ते विचारू नका.

आमच्या घरात देवघराशेजारी पत्रकांचे गठ्ठे असत. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, दिल्लीत आर. के. पुरमचं क्वार्टर, आणि जेवणं झाली की आम्ही सगळे पत्रकांना घड्या घालायला बसायचो. पुढे मीच ती लिहू लागलो. हिंदीतून. 'डरो मत' हा माझा आवडता शेवट. किती सहज लिहायचो मी ते!

गाडी जुनी होती, चौथ्या हाताची. गुडगावच्या कारखान्यांपर्यंत पत्रकं न्यायची, लोकांना वकिलांकडे आणायचं – तिच्याशिवाय माझं काम चालत नसे, आणि ती स्वतः धक्क्याशिवाय चालत नसे. रोज सकाळी बूथवरून दूध घेऊन परतणारे शेजारचे देशमुखकाका पिशवी कट्ट्यावर ठेवायचे, बाह्या सारायचे. "काय कॉम्रेड, तुमची क्रांती आज तरी सेल्फवर सुरू होणार, की धक्क्यावरच?" मग आणखी दोघंतिघं यायचे. गाडी ढकलणं हा आमच्या ब्लॉकचा व्यायामच झाला होता.

बिमला गुडगावच्या पुढे एका गावात राहायची. गावाची अर्धी शेतं विकली गेली होती, उरलेल्या अर्ध्यांत नव्या वसाहतींचे फलक उभे होते. कारखान्यात प्रेस मशीनखाली तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, आणि कारखाना म्हणाला, ही बाई आमच्याकडे कधी कामालाच नव्हती. लेबर कोर्टातल्या मागच्या तारखेला ती निघाली तेव्हा कारखान्याच्या माणसांनी तिला बस स्टॉपवरूनच परत पाठवलं – स्टॉप गेटच्या समोरच होता. आता शेवटची तारीख. सकाळी अकराला. म्हणून ठरलं, मी गाडी थेट तिच्या दारात न्यायची.

आदल्या दिवशी मी त्या गेटवरून येत होतो. दोन माणसं रस्त्यात आडवी आली. मारलं नाही, शिवी नाही. एकजण वाकला आणि त्यानं माझ्या गाडीचा नंबर मोठ्यानं वाचला. सावकाश, एकेक आकडा. मग म्हणाला, "दिल्ली की है. अच्छा. कल भी आओगे?"

एवढंच. एवढ्यानं माणूस घाबरतो का?

सकाळी मी गाडीत बसलो, चावी फिरवली – आणि गाडी सुरू झाली. पहिल्या झटक्यात. कित्येक महिन्यांत कधी झाली नव्हती, ती झाली. तिचा आवाज मी ऐकत राहिलो. मागच्या सीटवर माझीच पत्रकं पडली होती. मग मी चावी उलटी फिरवली.

"चालू झाली होती ना रे? आवाज आल्यासारखा वाटला," म्हणत काका आले.

"घरघरली, काका. परत मेली."

त्यांनी पिशवी ठेवली. तिघांना हाका मारल्या. आणि मी – मनातल्या मनात सांगतानाही दरवेळी इथेच अडतो मी – मी स्टिअरिंगवर बसून राहिलो, चावी बंद ठेवून. त्यांनी ढकललं. मी गिअर टाकला, क्लच सोडला, गाडीनं हिसका दिला आणि थांबली. पुन्हा. पुन्हा. काका धापा टाकत म्हणाले, "अजून एकदा, पोराला कामाला जायचंय." साठीला आलेला माणूस. मी त्यांना चार वेळा ढकलायला लावलं. का? साक्षीदार हवे होते मला. नंतर बॉनेट उघडून मी हातांना काळं ग्रीसही फासून घेतलं.

मला जायला बस होती. तिला आणायला टॅक्सी होती. कुणी विचारलंच नाही. मी सांगितलं तसं सगळ्यांनी मानलं, कारण माझी गाडी कशी आहे हे साऱ्या ब्लॉकला ठाऊक होतं.

बिमला आंघोळ करून, धुतलेली ओढणी घेऊन दुपारपर्यंत उंबऱ्यावर बसली होती. अर्जदार गैरहजर म्हणून प्रकरण बंद झालं.

चार दिवसांनी तिच्याकडे गेलो – दुसऱ्या रस्त्यानं. तिनं डाव्या हातानं चहा दिला. म्हणाली, "भैया, धोखा तो गाड़ी ने दिया. आपने थोड़ी." मी चहा प्यालो. मान हलवली. हो, मान हलवली मी.

आणि मग मी त्यावर पत्रक लिहिलं. एका खटारा गाडीच्या भरवशावर गरिबाचा न्याय ठेवणाऱ्या व्यवस्थेबद्दल. लोकांनी पाठ थोपटली. त्याच्या शेवटीही 'डरो मत' होतं.

आमच्या घरी झालेल्या संघटनेच्या बैठकीत एकानं शंका काढली, तेव्हा देशमुखकाका भडकले होते. "अहो, मी स्वतः ढकलली गाडी! पाठ आठवडाभर धरली होती माझी. पोरगा खोटं कशाला बोलेल?"

मी तिथेच बसलो होतो, त्यांच्या शेजारी.

गाडी पुढे भंगारात गेली. तिच्यात हजार दोष होते. त्या सकाळी एकही नव्हता.