काळ्या रंगाचे ठोकळे

बायकोला हे कधी सांगितलं नाही. ती गेली, त्याला सहा वर्षं झाली. मुलीलाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही. सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. एकदा चहाला, एकदा उगाच खिडकी लावायला, एकदा कशाला ते आठवत नाही. आता बसलोय.

मरोळला माझं वर्कशॉप होतं. ट्रकची जुनी इंजिनं उघडायची, नव्याने बांधून बोटीला बसवायची — आणि ताकद वाढवून द्यायची. त्या ताकद वाढवण्यात माझं नाव होतं. वर्सोव्यापासून मढपर्यंत मला मास्तर म्हणत. मला ते फार आवडायचं. सगळं तिथूनच सुरू झालं का?

एक गोष्ट समजून घ्या, फार अवघड नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये कपलिंग असतं, त्यात रबराचे ठोकळे बसवलेले असतात. पुढचा गिअर काढून उलटा टाकला की जोराचा हिसका बसतो. तो हिसका रबर झेलतं. हिसका फारच मोठा असला तर रबर फाटतं, पण लोखंडाचे दात एकमेकांत अडकून राहतात आणि बोट खडखडत का होईना, चालते. रबर फाटणं हेच त्याचं काम. ज्यांच्याकडे मी शिकलो ते म्हणायचे, "रबर फाटलं ना? मग हस की. शाफ्ट वाचला."

मी हसलो नाही.

वर्सोव्याच्या जयवंतीबाईंची बोट होती. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, त्यांचा धाकटा दीर हिराजी. बाईंना इतरांच्या आधी बंदर गाठणारी बोट हवी होती. मी इंजिनाची ताकद वाढवली — त्या कपलिंगला झेपेल त्याच्या बरीच पुढे. पहिल्या चाचणीत रबर फाटलं. दुसऱ्या चाचणीत पुन्हा. धक्क्यावर दहा माणसांसमोर बाई म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या इंजिनाला भूक भारी हाय! नुसतं रबर खातंय."

सगळे हसले. हिराजीही हसला, पण माझ्या खांद्यावर हात ठेवून.

काय करायला हवं होतं? मोठं कपलिंग मागवून ते येईपर्यंत थांबायचं. नाहीतर ताकद उतरवायची. म्हणजे मास्तरांचा अंदाज चुकला, हे त्याच धक्क्यावर उभं राहून कबूल करायचं. नारळी पौर्णिमा चार दिवसांवर होती. बोटी निघणार होत्या.

मी लेथवर लोखंडाचे ठोकळे केले. रबराच्याच मापाचे. आणि त्यांना — इथे हात अडतोय — काळा रंग दिला. रबर वाटावं म्हणून. बावीस वर्षं स्वतःला विचारतोय, रंग कशाला दिलास? उत्तर एकच येतं. मला माहीत होतं. ज्याला माहीत नसतं, तो रंग देत नाही.

"आता कसं टिकलं, मास्तर?" हिराजीने विचारलं.

"परदेशी रबर आहे," मी म्हणालो.

बोट झकास धावली. तीन आठवडे. मग एका सकाळी खाडीच्या तोंडाशी एक लहान होडी आडवी आली, दोन बाया बसलेल्या. मी प्रत्येक तांडेलाला शिकवलेलं — आधी न्यूट्रल, मनात तीन मोजायचे, मग उलटा गिअर. हिराजी मोजत बसला नाही. सरळ उलटा टाकला. शाफ्ट तुटला, पंख्याला ताकद मिळेना. बोट थांबेना, तेव्हा त्याने सुकाणू वळवून ती खडकांवर घातली. माणसं वाचली, होडीतलीही आणि बोटीतलीही. बोट फुटली.

वस्तीतली मोठी माणसं बसली. हिराजी आपणहून म्हणाला, "मी तीन मोजले नाय." मग सगळे माझ्याकडे वळले. मास्तर, तुम्ही सांगा.

मी म्हणालो, "न्यूट्रलला न थांबता उलटा टाकला, तर कुठलंही इंजिन जाईल."

'कुठलंही' — त्या एका शब्दात सगळं लपवलं. आणि फुटलेल्या बोटीतलं कपलिंग, ठोकळ्यांसकट, 'तपासतो' म्हणून मी आधीच घरी आणून ठेवलं होतं.

त्यानंतर हिराजीच्या हातात कुणी सुकाणू दिलं नाही. सख्ख्या वहिनीनेही नाही. तो यारी रोडला एका सोसायटीत वॉचमन झाला. समुद्र तिथून चालत दहा मिनिटांवर. आणि दर नारळी पौर्णिमेला तो माझ्याकडे बोरिवलीला येतो, डब्यात नारळीभात घेऊन. दरवर्षी तेच म्हणतो, "मास्तर, तुमचं चांगलं इंजिन माझ्या हातून गेलं."

आणि मी म्हणतो, "जाऊ दे रे." कळलं का तुम्हाला? मी त्याला माफ करतो. बावीस वेळा केलं. भातही खाल्ला.

यंदा आला तेव्हा सांगत होता, वहिनीचा नातू आता तांडेल झालाय. "त्याला बोललो, तीन मोज रे बाबा. नायतर तुझ्या या चुलत आजोबासारखा गेटवर बसशील." असं म्हणून तो हसला. त्या दिवसापासून मला घरात एका जागी बसवत नाही.

ठोकळे माझ्याकडेच आहेत, माळ्यावर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. आज दुपारी काढले आणि थिनरने पुसले. फडका काळा झाला. खाली लोखंड, माझ्या लेथच्या खुणांसकट.

उद्या ते घेऊन वर्सोव्याला जाणार आहे. आधी यारी रोडला, हिराजीकडे. मग त्याला घेऊन जयवंतीबाईंच्या ओट्यावर, तेव्हाची जी माणसं उरली असतील त्यांच्यासमोर. तिथे एवढंच सांगायचं आहे. हिराजी तीन मोजत बसला असता, तर त्या दोन बाया गेल्या असत्या. त्याचा हात बरोबर होता. ठोकळे मी केले. रंग मी दिला.