हवालदारांच्या बोलातली रिकामी जागा

गेल्या वर्षी, गणपती विसर्जनानंतरच्या शुक्रवारी सकाळी, साताऱ्यात, फौजेतून निवृत्त झालेल्या हवालदारांची वाचा अर्धांगवायूच्या झटक्याने गेली. उजवा हात आणि उजवा पायही गेला. ते अंगणातल्या नळाखाली बादली लावत होते. त्याआधीच्या रविवारी त्यांनी मला तालाचा एक बोल सांगितला होता. त्यांनी सांगितलेला तो शेवटचा. तो माझ्या फोनमध्ये ध्वनिमुद्रित आहे आणि त्यात एका ठिकाणी आवाज थांबतो.

मी सांगलीत एका दैनिकात उपसंपादक आहे आणि एका मेटल बँडमध्ये गिटार वाजवतो. बँड तिघांचा. ड्रमर कुपवाडला लेथवर काम करतो. वर्कशॉप त्याच्या मामांचे आहे, त्यामुळे एखाद्या संध्याकाळी मशीन बंद झाल्यावर आम्हाला तिथे सराव करता येतो. तिसरा बेस गिटार वाजवतो आणि बहुतेक वेळ गप्प असतो.

हवालदार माझ्या बहिणीचे शेजारी. वस्ती सगळी निवृत्त सैनिकांची. भरती होण्याआधी ते गावच्या भजनात पखवाज वाजवत आणि पुढे पलटणीच्या बँडमध्ये ड्रम. घरात मात्र एकही वाद्य नव्हते. ते तोंडाने वाजवत. त्यांच्या तुकडीत दक्षिणेकडचा, मृदंग शिकलेला एक जवान होता. उंचावरच्या चौकीत वाद्य नेण्याची सोय नव्हती, म्हणून पहारा नसला की दोघे समोरासमोर बसून नुसते बोल म्हणत. तकिट, तकधिमी, तदिगिणतोम. दक्षिणेत याला कोन्नक्कोल म्हणतात. हवालदार ‘तोंडचा बाजा’ म्हणत.

ओळख गच्चीवर झाली. मी बहिणीच्या गच्चीत गिटार घेऊन बसलो होतो. आवाज मोठा करणारा ॲम्प नव्हता, नुसत्या तारा खडखडत होत्या. पलीकडच्या गच्चीवर ते मिरच्या उलटत होते.

“काय करतोयस रं?”

“गिटार वाजवतोय, काका.”

“ते दिसतंय. मोजतोयस काय?”

“चार.”

“चार म्हनतोस आन् साडेचार वाजवतोस. उरल्याली अर्धी कुठं ठिवतोस, खिशात?”

मी पुन्हा वाजवले. त्यांनी मिरच्यांवरचा हात थांबवून ऐकले.

“तुझा उजवा हात भुकेला हाय गड्या. घास मोजत न्हाई. आधी तोंडानं म्हन, मग हातानं.”

त्यानंतर जवळपास प्रत्येक सुट्टीला मी साताऱ्याला जाऊ लागलो. त्यांची पद्धत ठरलेली होती. पहिला तासभर गिटार पिशवीतून काढायची नाही. डाव्या हाताने मांडीवर ताल धरायचा आणि बोल म्हणायचे. जीभ अडखळली की पुन्हा पहिल्यापासून. तोंडात पक्के झाल्याशिवाय हाताला द्यायचे नाही. बोटे खोटे बोलतात, जीभ बोलत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

मेटलमध्ये गिटारची सर्वांत जाड तार तळहाताच्या कडेने दाबून वाजवतात. आवाज ठोकळ्यासारखा बंद येतो. त, क आणि ट ही अक्षरे मी अशी दाबून वाजवली. धि आला की हात उचलून तार मोकळी सोडली. तोम आला की ती घुमू दिली. असे केल्यावर पाच, सात, नऊ मात्रांचे तुकडे, जे मला आधी कागदावर आकडे मांडूनही जमत नव्हते, ते बोलण्यासारखे सरळ निघू लागले. फोनवर मी त्यांना आमचे ध्वनिमुद्रण ऐकवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले.

“पाट्यावर दगूड फिरवल्यावानी आवाज हाय. पर चाल सरळ हाय. ड्रमवाला कोन?”

“कुपवाडला लेथवर असतो.”

“तरीच. माप कळतंय त्याला.”

ड्रमरला हे सांगितले तेव्हा तो दिवसभर खूश होता.

शेवटच्या रविवारी त्यांनी एक लांब बोल सांगितला. पलटणीतल्या त्या साथीदाराकडून घेतला आणि शेवट आपण जोडला, असे ते म्हणाले. शेवटी एक तुकडा तीनदा येतो आणि तिसऱ्या वेळी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडतो. ही तिहाई सगळ्यांना माहीत असते. पहिला तुकडा आला. दुसरा आला. मग आवाज थांबला. मग तिसरा आला आणि सम ओलांडून पुढे संपला. मी बघत होतो तो मांडीवरचा डावा हात शेवटपर्यंत चालू होता. त्यांनी त्या हाताकडे पाहिले आणि म्हणाले, “बास आज.”

ही ध्वनिफीत मी नंतर अनेकदा हेडफोन लावून ऐकली आहे. थांबलेल्या जागेत तीन आवाज ओळखता येतात. छताचा पंखा, मांडीवर पडणारा हात आणि दारापाशी वाजलेल्या बांगड्या. बांगड्या काकूंच्या, म्हणजे हवालदारांच्या पत्नीच्या. चौथा आवाज नाही.

शुक्रवारनंतर ते रुग्णालयात होते. ध्वनिफीत मी कुपवाडला नेली. ड्रमरने ती काडीने पत्र्यावर ताल धरून चार-पाच वेळा ऐकली. वर्कशॉपच्या फरशीवर खडूने रेघा मारल्या.

“जागा काढली तर समेच्या आदीच संपतंय,” तो म्हणाला. “जागा ठेवली तर पुढं जातंय. म्हंजे सुरुवातच समेवरनं न्हाई. दोन मात्रा आदी उचलायचं. बघ.”

त्याने दोन मात्रा आधी उचलले. जागा जशीच्या तशी ठेवली. तिसरा तुकडा बरोबर समेवर आला.

“लय डोकं लावलंय म्हाताऱ्यानं,” तो म्हणाला. “तुला फसवलंय. चुकीच्या जागंवरनं उचलून दाखवलं, शोध म्हनून.”

हे पटण्यासारखे होते. या विद्येत मोजली नाही अशी शांतता नसते. गुरू शिष्याची अशी परीक्षा घेतात, हेही आम्ही ऐकून होतो. बोल त्या हिशेबाने बसवला. ॲम्प मोठा लावून आम्ही तिघे तुटून पडत असू आणि त्या जागेला एकदम थांबत असू. झांजांवर हात ठेवून ड्रमर त्या धरून ठेवी. ॲम्पची घरघर तेवढी उरे. मग तिसरा तुकडा.

काही सरावांनंतर बेसवाला, जो सहसा बोलत नाही, म्हणाला, “तिथं थांबलं की कोणतरी बोलायचं राहिलंय असं वाटतं.”

“ॲम्पचा आवाज हाय तो,” ड्रमर म्हणाला. पण त्यानंतर तो शटरकडे पाठ करून बसेनासा झाला. त्याने ड्रम फिरवून मांडले आणि कारण सांगितले नाही. ती जागा मला कार्यालयात ऐकू येऊ लागली. फोनवरून बातमी देणारा वार्ताहर मध्ये थांबला की मी मात्रा मोजत असे आणि तो पुन्हा बोलू लागला की सम कुठे गेली ते पाहत असे. साताऱ्याहून परतताना कराडच्या पुढे गाडीत तेच. लेथ फिरायची थांबते तेव्हा असेच होते, असे ड्रमरने एकदा सांगितले.

दिवाळीनंतर हवालदार घरी आले. डावा हात चालत होता. वाचा नव्हती. गेलेली भाषा पुन्हा शिकवणारी एक बाई आठवड्यातून एकदा येई आणि चित्रे दाखवी. कराडच्या एका महाविद्यालयातल्या कार्यक्रमात हा बोल वाजवायचे आमचे ठरले होते. ते सांगायला मी गेलो. काकूंनी चहा दिला आणि फोनवरचे सरावाचे ध्वनिमुद्रण ऐकले. जागा आली तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

“हे काय?”

मी ड्रमरचा हिशेब सांगितला.

“तसं न्हाई ते,” काकू म्हणाल्या. “त्या दिवशी मी दारात आल्ते. तोंड उघडं हुतं त्यांचं आन् आवाज न्हवता. माझ्याकडं बघून दुसऱ्या हातानं जा म्हनले. तवाच झटका आल्ता त्यांना. तुमी त्यांची अडखळ वाजवायला लागलाय.”

आतल्या खोलीत हवालदार पलंगावर बसून होते. दार उघडे होते.

“चाळीस वर्सं त्यांनी ताल चुकवला न्हाई,” काकू म्हणाल्या. “पलटणीत न्हाई, भजनात न्हाई. आता त्यांच्या नावानं लोकांपुढं काय वाजणार, तर ही एक चूक. ते काढ.”

मी डॉक्टरांना विचारले. रविवारी लहान झटका आला असेल किंवा नसेल, तपासणीवरून आता सांगता येणार नाही, असे ते म्हणाले. ड्रमरला काकूंचे म्हणणे सांगितले.

“काढलं तर समेच्या आदीच संपतंय,” तो म्हणाला. “मग आपल्याला चार अक्षरं पदरची घालाय लागतील. ती त्यांची न्हाईत. आन् ठेवलं तर काकू म्हनत्यात ते त्यांचं न्हाई. त्यांनाच विचारू.”

“सांगणार कसं?”

“हात हाय की डावा.”

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही दोघे साताऱ्याला गेलो. ड्रमरने सरावाचा रबरी पॅड नेला, मी छोटा ॲम्प. पलंगासमोर दोन खुर्च्या मांडल्या. काकू खिडकीपाशी उभ्या राहिल्या. हवालदारांना आम्ही दोन्ही प्रकार सांगितले. बरोबर असेल त्याला हात वर करा, असे ड्रमरने सांगितले. ते त्याच्याकडे पाहत राहिले. ऐकलेले किती कळते याची खात्री नाही, असे भाषा शिकवणाऱ्या बाईंनी आधीच सांगितले होते.

“हा तो लेथवाला,” मी म्हणालो. त्यांनी त्याच्या मनगटांकडे पाहिले.

आधी जागा काढून, शेवटी आमची चार अक्षरे घालून वाजवले. डावा हात पहिल्या मात्रेपासून मांडीवर पडू लागला. तो बरोबर पडत होता. आमची चार अक्षरे आली तिथेही तो पडत राहिला. वर गेला नाही.

मग जागा ठेवून वाजवले. पहिला तुकडा, दुसरा तुकडा. आम्ही थांबलो. हात पडत राहिला. तिसरा तुकडा, सम. हात वर गेला नाही.

ड्रमर माझ्याकडे वळला, तेव्हा काकू म्हणाल्या, “परत वाजवा.”

“कुठला?”

“आत्ताचा. थांबता त्यो. हाताकडं बघू नगा. तोंडाकडं बघा.”

आम्ही परत वाजवले. या वेळी मी वाजवताना त्यांच्या तोंडाकडे पाहिले. ओठ किंचित उघडे होते आणि जीभ हलत होती. आवाज नव्हता. जीभ आमच्याबरोबर पहिल्या तुकड्यातून गेली, दुसऱ्यातून गेली. आम्ही थांबलो. जीभ थांबली नाही. जागा संपेपर्यंत ती हलत होती आणि मध्ये एकदा ओठ मिटून उघडले. तिसऱ्या तुकड्याला आम्ही आणि ते एकत्र पोचलो.

आणखी दोनदा वाजवले. दोन्ही वेळा तसेच झाले.

ड्रमरने काड्या खाली ठेवल्या. “तिथं बोल हायेत,” तो म्हणाला.

या बोलांतली बहुतेक अक्षरे जिभेची आणि घशाची आहेत. त, क, ट, धि, ण. ती म्हणताना ओठ मिटत नाहीत. ओठ मिटतात ते धिमीतल्या मीला आणि तोमच्या शेवटच्या म्‌ला. म्हणजे त्या जागेत या दोहोंपैकी एक असावे. बाकीची अक्षरे बाहेरून दिसत नाहीत. त्या रविवारी मुळात म्हणायची होती ती अक्षरे ही असतील, किंवा तेव्हा अडकून पडलेली आणि त्यानंतर तशीच फिरत राहिलेली. दोन्ही शक्य आहे. ड्रमरने त्यांच्या पलंगाशी बसून, त्यांच्या तोंडाकडे पाहत, जमतील तशी अक्षरे जुळवून म्हटली. तकधिमी. तकिटतोम. हवालदार ऐकत होते. एकाही जुळणीला त्यांनी काही केले नाही.

“ऱ्हाऊ दे,” काकू म्हणाल्या. “लेकरा, त्यांना दमवू नगंस.”

ड्रमर उठला. पॅड पिशवीत घालताना त्याने विचारले, “मग कार्यक्रमात काय करू, काकू? तुमी काढ म्हनला तर काढतो.”

काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी हवालदारांचे तोंड पदराने पुसले.

“आता कसं काढशील? ते म्हनतायत की तिथं.”

“मग ठेवू?”

“ठेव. पर त्यात तुमचं काय घालू नगा. झांज नगं, काय नगं. तेवढी जागा त्यांची.”

“आन् उचलायचं कुठनं? मी दोन मात्रा आदी उचलतो, मग समेवर येतंय.”

“ते मला कळत न्हाई. त्यांनी कुठनं उचललं हुतं?”

“समेवरनं.”

“मग तिथनंच उचल.”

“समेच्या पुढं जाईल, काकू. लोक म्हनतील चुकलं.”

“म्हनू दे.”

कराडचा कार्यक्रम मार्गशीर्षात झाला. आम्ही बोल समेवरून उचलला. जागेत ॲम्पची घरघर जाऊ नये म्हणून मी आवाजाची कळ पूर्ण खाली केली, ड्रमरने काड्या मांडीवर ठेवल्या. तिसरा तुकडा समेच्या पुढे जाऊन संपला. मागच्या रांगांतून कोणीतरी शिट्टी मारली. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण पुढच्या रविवारी आम्ही साताऱ्याला नेऊन ऐकवले. काकू आणि ड्रमर समोर बसून पाहत होते, फोन मी धरला होता. जागा आली. हवालदारांचे ओठ एकदा मिटले आणि उघडले.